आत्याचं ना-हरकत प्रमाणपत्र

नव्या राज्याबरोबर नवा नागरिक जन्माला येतो. छत्तीसगढ झालं त्या हिवाळ्यात हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं की शेवटी त्यात काहीतरी तथ्य असावं असं वाटू लागलं. आमच्या आत्याच्या बाबतीत ते जरा जास्तच खरं निघालं. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणारी आमची एकुलती एक आत्या सरकारी कागदांवर दोन बायका झाली, आणि त्यांतली दुसरी कोण याचा उलगडा होईपर्यंत पहिलीचं पेन्शन थांबवून ठेवण्यात आलं.

रायपूर राजधानी झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. मंत्रालय एका दवाखान्याच्या इमारतीत थाटलं गेलं. जिथे रोगी भरती व्हायचे तिथे मंत्री भरती झाले. जयस्तंभ चौकात कमानी उभ्या राहिल्या, आणि एका मान्यवराच्या स्वागताची कमान उतरवण्याआधीच तिच्यावर दुसऱ्या मान्यवराचं कापड चढू लागलं. मी तेव्हा एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. ‘ऐतिहासिक’ हा शब्द मला पगारासाठी वापरावा लागे, इतर लोक तो फुकट वापरत होते. सदर बाजारातून स्कूटर काढणं आधीही कठीणच होतं, आता समोर लाल दिव्याची गाडी असल्यामुळे ते मानाचंही झालं. आणि घरभाडी वाढली. भोपाळहून आलेल्या साहेबलोकांना घरं हवी होती, आणि तात्यापाऱ्यातल्या ज्या खोल्यांना कालपर्यंत कोणी ढुंकून विचारत नव्हतं, त्यांच्याबद्दल बोलताना घरमालक घसा साफ करू लागले.

आत्या अशाच दोन खोल्यांत राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, एका सरकारी खात्यात कारकून होते. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. पूर्वज घोड्यावरून आले असं ते सांगत. आमच्या माहितीत त्या घराण्यातलं कोणी वरातीखेरीज घोड्यावर बसलेलं नव्हतं. आमचं कुटुंब त्यामानाने ताजं. बाबा रेल्वेच्या नोकरीपायी अमरावतीहून आले आणि मागोमाग त्यांनी धाकट्या बहिणीचं लग्न इथेच जमवलं. बहीण जवळ असावी, एवढाच त्यामागचा विचार. मूलबाळ झालं नाही. मामाजी आणि आत्या त्या दोन खोल्यांत एकमेकांना कंटाळल्यासारखं दाखवत अतिशय सुखात राहिले.

राज्य झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात मामाजी गेले. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. आजार मूत्रपिंडाचा, नागपूरला नेलं, बरेच दिवस ठेवलं, आणि परत आणलं ते डॉक्टरांनी आता घरी न्या म्हटल्यावर. त्या खर्चासाठी आत्याने आपल्या पाटल्या सदर बाजारातल्या एका सराफाकडे गहाण ठेवल्या होत्या. सराफ ओळखीचा होता, व्याजही ओळखीचंच लावत होता.

यवतमाळहून दिरांचा फोन आला. वहिनी, तुम्ही इकडेच या, घर आपलंच आहे. दीर वाईट नव्हते. पण त्यांच्या घरी आत्या मागे एका दिवाळीत जाऊन आलेली होती, आणि ‘आपल्या घरात’ आपल्यासाठी कोणती जागा आहे ते तिने पाहून ठेवलं होतं. स्वयंपाकघराला लागून एक अंधारी खोली, तिथे धान्याच्या कोठ्या, आणि कोठ्यांच्या मधे एक खाट बसेल एवढी फट. घरमालकाने, तोही वाईट नव्हता, नवं भाडं सांगितलं आणि म्हणाला, आता राजधानी झाली ना, बहनजी. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं. दिवाळीच्या आत पेन्शन सुरू झालं तर आत्या आपल्या खोल्यांत राहणार होती, नाही तर यवतमाळच्या कोठ्यांच्या मधे.

विधवेला पेन्शन मिळतं, हा तिचा हक्क आहे, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. अडचण एवढीच होती की विधवा कोण.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवाने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे आणि सगळ्यांनी नव्या नवरीला त्या नावाने हाक मारून बघायची. आत्याचं माहेरचं नाव एका नदीचं. सासरी आल्यावर ती देवी झाली. मामाजींच्या सेवापुस्तिकेत अर्थातच देवी होती, रेशनकार्डावरही देवीच. पण वयाचा दाखला म्हणून आत्याकडे एकच कागद होता, अमरावतीचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र. त्यावर नदी होती, आणि नदीच्या पुढे मामाजींऐवजी आमच्या आजोबांचं नाव.

मामाजींच्या खात्यातला बाबू तरुण आणि सभ्य होता. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले, एकदा हा वाचला, एकदा तो वाचला, आणि आत्याकडे असं पाहिलं की जणू दुसरीला मागे ठेवून ती आली आहे. त्याचीही बाजू होती. काही महिन्यांपूर्वी अशाच एका प्रकरणात पेन्शन मंजूर झाल्यावर दुसरी बायको दोन मुलं घेऊन दारात उभी राहिली होती आणि त्याला लेखी खुलासा द्यावा लागला होता. तेव्हापासून तो प्रत्येक मयत कर्मचाऱ्याकडे त्याच नजरेने पाहत असे. मी त्याला तांदळाच्या ताटाची प्रथा हिंदीतून समजावली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि या आशयाचं काही परिपत्रक आहे का, असं विचारलं.

सरकारने नागरिकांच्या अशा अडचणींसाठी एक सहायता केंद्र उघडलं होतं. उद्घाटनाचा संगमरवरी दगड फार सुरेख होता. आम्ही गेलो तेव्हा आत एक टेबल होतं, टेबलावर हार वाळत पडला होता, आणि शेजारच्या खिडकीतल्या माणसाने सांगितलं की केंद्राचं उद्घाटन झालंय, सुरुवात व्हायचीय.

मग आम्ही दत्ताच्या देवळात गेलो.

पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, दत्तमंदिराच्या मागे एक खोली होती. एरवी तिथे सतरंज्या आणि उत्सवाची भांडी असत. रविवारी सकाळी आरतीनंतर कोषालयातून निवृत्त झालेले एक काका तिथे टेबल मांडून बसायचे. पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी, थकलेलं कर्ज, बँकेची नोटीस, निराधार वृद्धांचा भत्ता, काहीही घेऊन या. फी नाही, पाटी नाही. कोणी पैसे देऊ केले तर ते दत्ताच्या पेटीकडे बोट दाखवत. मदत चांगली व्हायची. फक्त तिथे जायची एक रीत होती.

आपली माणसं भुकेने चक्कर येऊन पडली तरी पित्त झालंय म्हणतील. तेव्हा त्या टेबलाशी कोणीही स्वतःची अडचण घेऊन जात नसे. जो तो ओळखीच्या कुणाची अडचण घेऊन जाई. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांनी स्कूटरसाठी कर्ज घेतलं होतं, असं सांगणाऱ्याची तीच स्कूटर बाहेर पिंपळाखाली उभी असायची. तरुण पोट्टे हिंदीत सांगत, ‘मेरे एक दोस्त का मामला है, काका.’ काका कधी चेहऱ्यावर काही दाखवत नसत. तुमच्या त्या ओळखीच्यांना म्हणावं, हप्ते बांधून मागा बँकेकडे, आणि रात्रीची झोप घालवू नका. हे शेवटचं वाक्य ते समोरच्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून बोलत. पाऱ्यातल्या निम्म्या घरांची लाज त्या खोलीत शाबूत राहिली होती.

आत्याही रीतीनेच गेली. चांगलं लुगडं नेसून, पाटल्यांविना मोकळे हात पदराखाली, आणि सोबत मी. नमस्कार-चमत्कार झाले. मग ती म्हणाली की तिच्या ओळखीच्या एक बाई आहेत, राजनांदगावकडच्या. त्यांचे यजमान नोकरीत असताना गेले. कागदावर एकीकडे एक नाव आहे, दुसरीकडे दुसरं.

राजनांदगाव तिने वाटेत ठरवलं असावं. खरं सांगायचं तर तिथवर सगळं ठीक होतं. पण लग्नात नाव बदललं, हे सांगितलं असतं तर पुढे कोणतं नाव, कोणतं खातं, असे प्रश्न आले असते, आणि उन्हाळ्यात मामाजींच्या तेराव्याला जेवून गेलेल्या माणसाला दोन आणि दोन जोडायला वेळ लागला नसता. म्हणून ते तिने गाळलं.

काकांनी चष्मा पुसला. “दोन नावं म्हणजे बाया दोन आहेत का?”

मी तोंड उघडलं आणि आत्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी इयत्ता चौथीत जाऊन पोचलो.

“असतील बा,” आत्या म्हणाली. “मले काय माहीत. ओळखीच्या आहेत नुसत्या.”

काकांना वाईट वाटलेलं दिसलं. राजनांदगावच्या त्या अनोळखी बाईबद्दल त्यांना खरोखर कळवळा आला होता. असं होतं कधीकधी, म्हणाले, माणसाचं काही सांगता येत नाही. दोघींचं आपसात जमत असेल तर एक मार्ग आहे. दुसरीने शपथपत्र करून द्यावं, की हिला पेन्शन मिळायला माझी हरकत नाही. मग खात्याला पुढे जाता येईल. बाबूही असंच काहीतरी म्हणाला होता, ‘माताजी, दूसरी वाली से लिखवाकर ले आइए.’ दोन जाणत्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली म्हटल्यावर आत्याला ती पटली.

रस्त्यात मी तिला सांगायचा प्रयत्न केला, की हे उलटं होईल. ती म्हणाली, “काहून उलटं? दुसरी कोण आहे? मीच ना? मग माही हरकत नाही तर नाही म्हणते मी. खोटं काय आहे त्यात?” यात खोटं कुठे आहे ते मला तेव्हा दाखवता आलं नाही, आजही नीटसं येणार नाही.

कचेरीतल्या नोटरीसमोर तिने शपथेवर लिहून दिलं. मी, म्हणजे नदी, अमुकांची मुलगी, असं जाहीर करते की देवी हिला पेन्शन मिळण्यास माझी काहीही हरकत नाही. सही करायच्या आधी तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला ते नाव तीन-चारदा गिरवून पाहिलं. शाळेतलं वळण, अक्षरांना जरा जास्तच वेलांट्या. मग तिने सही केली आणि ती वाळेपर्यंत कागद कोणाला उचलू दिला नाही.

“लय दिवसांनी लिहिलं माहं नाव,” ती म्हणाली.

ते नाव घेऊन तिला हाक मारणारे माझे बाबा होते. ते आमच्या अंगणात उभे राहून, नावाच्या शेवटी ‘गं’ लावून, असं ओरडत की गल्लीच्या टोकाला ती आधी हसायची आणि मग ओ द्यायची. ते मामाजींच्याही आधी गेले होते. मामाजी तिला ‘अवं’ म्हणत. आम्ही पोरं आत्या म्हणायचो, पारा वहिनी म्हणायचा. भाच्याने आत्याचं नाव घेण्याची आपल्यात सोय नाही, त्यामुळे ते नाव मला ठाऊक असूनही माझ्या काही कामाचं नव्हतं. देवीचं नाव फक्त कागदावर होतं, आणि नदीचं या सहीआधी एका जुन्या प्रमाणपत्रापुरतं उरलं होतं.

बाबूने शपथपत्र पाहिलं आणि त्याला मनापासून बरं वाटलं. त्याच्या शंकेला पहिल्यांदा लेखी आधार मिळाला होता. आता बायका दोन आहेत हे नुसतं त्याचं म्हणणं राहिलं नव्हतं, त्यातली एक शपथेवर सांगत होती. मात्र सरकारी नोकराने पहिली बायको हयात असताना दुसरी करणं हा गैरवर्तनाचा प्रकार असल्यामुळे फाइल आता पेन्शनकडून निघून चौकशीकडे जाणार होती. मयत कर्मचाऱ्याने दुसरा विवाह केव्हा आणि कोणाच्या परवानगीने केला, असा प्रश्न कागदावर आला. मामाजी भाजी आणायला गेले तर दोन भाज्यांतून एक निवडता येत नाही म्हणून दोन्ही न घेता परत येणारे. त्यांच्यावर हा आळ.

आत्या ऑफिसातून उठली. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. सरकारी पायऱ्या, त्यांवर लोकांनी थुंकून ठेवलेलं, आणि ती चांगल्या लुगड्यानिशी खाली बसली. भाड्याचं, पाटल्यांचं, यवतमाळचं तिने आजवर सगळं ऐकून घेतलं होतं. हे तिला ऐकवेना.

“मले जाऊ दे यवतमाळले,” ती म्हणाली. “पण त्यायच्या नावावर हे नको.”

पुढच्या रविवारी देवळामागच्या खोलीत गर्दी होती. पितृपक्ष संपत आला होता, लोकांना सण दिसू लागला होता आणि सणाबरोबर हिशेब. आत्या रांगेत उभी राहिली. मला तिने दाराशीच थांबायला सांगितलं. तिचा नंबर आला तेव्हा काकांनी हसून विचारलं, काय वहिनी, झालं का तुमच्या ओळखीच्या बाईंचं काम?

“ती बाई मीच आहे,” आत्या म्हणाली. “राजनांदगाव-बिजनांदगाव काही नाही. दोन्ही नावं माहीच आहेत. आन् ह्यायनं दुसरं लग्न केलं नाही, काका. ह्यायले एक निभता निभेना.”

बाहेर देवळात कोणीतरी घंटा वाजवून गेलं. काकांनी चष्मा काढला, तो न पुसताच परत लावला, आणि स्वतः उठून तिला आपली खुर्ची दिली. मी त्यांना त्या टेबलामागून उठताना कधी पाहिलं नव्हतं.

“पहिलेच सांगायचं ना, वहिनी,” ते एवढंच म्हणाले.

“कसं सांगू,” आत्या म्हणाली. “तुम्ही जेवून गेले होते घरी.”

हे कारण काकांना पूर्ण पटलं, आणि रांगेतल्या लोकांनाही. तिच्यामागे स्कूटरचे गृहस्थ उभे होते. त्यांची पाळी आल्यावर त्यांनी सुरुवात नेहमीसारखी केली, आमच्या ओळखीचे एक, आणि मग थांबले, आणि खाली बघत म्हणाले, जाऊ द्या, माझंच आहे. त्या दिवसापुरता हा साथीचा रोग पसरला. पुढच्या रविवारपासून सगळे पुन्हा ओळखीच्यांसाठी येऊ लागले.

काकांनी मार्ग सांगितला तो साधा होता. आधीचं शपथपत्र चुकीच्या समजुतीतून झालं असं लिहून द्यायचं. दोन्ही नावांची बाई एकच, असं नवं करायचं. आणि लग्नात हजर असलेलं, नाव बदलताना डोळ्यांनी पाहिलेलं कोणीतरी माणूस साहेबांसमोर उभं करायचं. माणूस होतं. मामाजींच्या चुलतबहीण, आत्याच्या वन्सं, पुरानी बस्तीत राहत होत्या. तांदळाचं ताट त्यांनीच धरलं होतं. मात्र एका लग्नातल्या आहेराच्या साडीवरून त्यांचं आणि आत्याचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आत्या त्यांच्याकडे एकटी गेली. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात तीच साडी होती, आणि वन्सं यायला तयार होत्या.

सुनावणी दुपारची होती. लांब व्हरांडा, भिंतीला लागून बाक, बाकावर आत्या, वन्सं आणि मी. व्हरांड्यात नव्या राज्याचा नकाशा टांगला होता, अजून त्याचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. दाराशी चपराशी हातातल्या कागदावरून नावं पुकारत होता. फाइलीत दोन बायका होत्या, तेव्हा त्याच्याकडे नावंही दोन होती. त्याने आधी नदीचं नाव पुकारलं. मोठ्याने, पूर्ण, आमच्या आजोबांच्या नावासकट.

आत्या उठली नाही.

मला वाटलं तिने ऐकलं नाही. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं, आणि चेहरा असा होता की मी हात काढून घेतला.

“थांब नं पोट्ट्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “अजून एकदा म्हणू दे त्याले.”

चपराशाने दुसऱ्यांदा पुकारा केला, जरा वैतागून. बाबा वैतागले की असेच शेवटचं अक्षर लांबवत. व्हरांडा लांब होता, नाव पार टोकापर्यंत गेलं. मग ती उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, “आली.” चपराशाने लगोलग देवीचं नाव पुकारलं. ती समोरच उभी होती. “हे बी मीच,” ती म्हणाली. त्याने तिच्या मागे वाकून पाहिलं, दुसरी कुठे दिसते का ते.

साहेब इकडचेच होते, महासमुंदकडच्या खेड्यातले. वन्संनी त्यांना उभ्याउभ्याच सांगितलं, आमच्या मराठीत, मधूनमधून हिंदी टाकत. तांदळाचं ताट मी धरलं होतं. भावाचं अक्षर खराब, त्याने तांदळात काय लिहिलं ते कोणाला वाचता येईना, म्हणून माझ्या काकूने नाव मोठ्याने सांगितलं. पेढे कमी पडले होते. साहेबांनी मधे थांबवलं नाही. वन्संचं संपल्यावर त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाले की त्यांची आई रायपूरची, लग्न होऊन खेड्यात गेली. छत्तीसगढमध्ये सुनेला माहेरच्या गावावरून ओळखतात, तेव्हा सगळं गाव तिला रइपुरहिन म्हणायचं. तिचं खरं नाव त्यांना शाळेच्या दाखल्यासाठी वडिलांना विचारावं लागलं होतं.

“अभी कोई लेता है उनका नाम?” आत्याने विचारलं.

साहेब म्हणाले, “अब तो रइपुरहिन कहने वाले भी नहीं बचे, माताजी.” आणि त्यांनी बाबूला आत बोलावलं.

आदेश दिवाळीच्या थोडा आधी आला. त्यात दोन्ही नावं होती, मधे ‘उर्फ’ घालून, जसं वर्तमानपत्रात चंबळच्या दरोडेखोरांचं छापतात. आत्याला ते आवडलं. घरमालकाने नवं भाडं मिळणार म्हटल्यावर बहनजींना दिवाळीचा फराळ पाठवला. यवतमाळला तिने फोन करून सांगितलं की येते, पण चार दिवसांसाठी. पाटल्या सुटायला पुढचा उन्हाळा उजाडला.

ती त्याच दोन खोल्यांत राहिली, शेवटपर्यंत. मी संध्याकाळी कॉलेजातून परतताना तिच्याकडे चहाला थांबायचो. एकदा चहा गाळता गाळता ती म्हणाली की तो चपराशी आवाजाचा पक्का होता, आता रिटायर झाला असेल. मी म्हणालो, असेल. माझ्या जिभेवर ते नाव होतं. घेतलं असतं तर तिने कान पकडला असता की ओ दिली असती, मला अजून ठरवता येत नाही. मी साखर मागितली. आता तात्यापाऱ्यातून जाताना त्या घरापाशी स्कूटर आपसूक हळू होते, आणि मागचा माणूस हॉर्न वाजवतो.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आत्या त्यासाठी पाटल्या घालून जायची. ती गेली ते दसऱ्याच्या सुमाराला. मी बँकेला रीतसर कळवलं, पत्राची पोच घेतली. जानेवारीत बँकेचं पत्र आलं, तिच्याच नावाने, की हयातीचा दाखला न मिळाल्यामुळे आपलं पेन्शन थांबवण्यात आलं आहे, आणि आपण स्वतः शाखेत उपस्थित राहून तो सादर केल्यास थकबाकीसह पुन्हा सुरू करण्यात येईल.